ड्रायर मध्येच बंद पडतोय, कपडे अर्धे ओले. काय काय तपासू?

मृगनक्षत्र

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहते. घरात तान्हं बाळ आहे आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस सर्द राहतात, कुबट वास धरतात. आजेसासूबाई दुपटी टोपलीवर पसरून शेगडीची धुरी देतात, ती छान कोरडी होतात. पण चादरी, टॉवेल, जीन्स यांना धुरी कुठे पुरणार? त्यासाठीच ड्रायर घेतला होता. ६ किलोचा, व्हेंटवाला, म्हणजे गरम दमट हवा पाइपमधून बाहेर टाकणारा. ड्राय बाल्कनीत स्टँडवर ठेवलाय, पाइप स्लायडिंगच्या वरच्या चौकोनातून बाहेर काढलाय.

सुरुवातीला व्यवस्थित चालतो. पंचवीस-तीस मिनिटं झाली की ड्रम थांबतो. पॅनेलचे दिवे चालू असतात, उरलेली वेळ तिथल्या तिथे अडकलेली दिसते. पुन्हा स्टार्ट दाबलं तर घूंऽऽ असा आवाज येतो, ड्रम हलत नाही, आणि थोड्या वेळाने तो आवाजही बंद होतो. तासाभराने लावला की काही झालंच नव्हतं असा चालू.

वॉरंटी संपलीय. कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येणार, तोही पुढच्या आठवड्यात. इथला एक मेकॅनिक म्हणाला, "थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो, परत बंद पडणार नाही." म्हणजे जास्त तापल्यावर हीटर तोडणारा तो पार्ट वगळून वायर थेट जोडणार. करून घेऊ का? बाळाचे कपडे रोजचे आहेत, त्यामुळे थांबणंही अवघड झालंय.

पाऊसवेडी

आमच्याकडे डोंबिवलीत असंच व्हायचं. दाराचा खटका सैल झाला होता. भरलेला ड्रम फिरताना मशीन हादरलं की दार उघडलंय असं समजून बंद. दार हाताने दाबून धरून पाहा, चालू राहतो का?

वाइंडिंगवाला

ताई, पहिली गोष्ट आधी सांगतो: डायरेक्ट अजिबात करून घेऊ नका. कारण खाली लिहितो. मी इचलकरंजीत मोटर वाइंडिंग आणि घरगुती मशीनची दुरुस्ती करतो.

ड्रायर 'बंद पडला' एवढं कळून उपयोग नाही, तो कसा बंद पडला त्यावर सगळं आहे. दिवेसुद्धा गेले तर दोष प्लग, सॉकेट, वायर किंवा एमसीबीत. दिवे चालू, आणि स्टार्ट दाबताच लगेच पुन्हा चालू झाला, तर दाराचा खटका किंवा मधेच लाइट मिचकावली. पावसाळ्यात हे फार होतं. घरातल्या दिव्याला कळतही नाही एवढा झटका ड्रायरच्या कार्डाला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, पुरतो. मोटरचा आवाज नेहमीसारखा येतोय पण ड्रम उभा आहे, तर पट्टा तुटला. 'झालं' असं दाखवून थांबला आणि कपडे दमट निघाले, तर ओलावा मोजणाऱ्या पट्ट्या खराब.

तुमचा यातला कुठलाच नाही. तुमचा घुमतो, मग गप्प होतो आणि गार झाल्यावर पुन्हा चालतो. ही मोटर तापल्याची खूण आहे. मोटरच्या वाइंडिंगमध्येच एक ओव्हरलोड बसवलेला असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो मोटरचा पुरवठा तोडतो, गार झाला की आपोआप जोडतो. तासाभराने चालू होतो तो म्हणूनच.

हीटरचा थर्मोस्टॅट उडाला असता तर बहुतेक मशीनमध्ये ड्रम फिरत राहतो, फक्त हवा गार येते. तुमचा ड्रमच थांबतोय. म्हणजे तो मेकॅनिक ज्या पार्टला हात लावणार आहे, त्या पार्टचा हा आजारच नाही. आजार तसाच राहील आणि वर संरक्षण जाईल.

ते संरक्षण कशासाठी असतं तेही सांगतो. साध्या ड्रायरमध्ये एकच मोटर ड्रमही फिरवते आणि हवेचा पंखाही. मोटर थांबली की पंखा थांबला. त्या क्षणी दोन-सव्वादोन हजार वॅटचा हीटर लालभडक असतो आणि त्याच्यावरून हवा जात नसते. कार्डाने हीटर तोडायला हवा, पण रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा कार्डावरचा खटका, चिकटला तर? तेव्हा कपडे आणि आग यांच्यामध्ये तो थर्मोस्टॅट एवढंच उरतं.

आता मोटर का तापते ते बघू. मला एवढं सांगा: फिल्टर रोज साफ होतो का, पाइपच्या बाहेरच्या तोंडावर हात धरला तर हवा जोरात लागते का, आणि व्होल्टेज किती असतं?

तारेवरचे_कपडे

आमच्या घरी थर्मोस्टॅट डायरेक्ट केलेला ड्रायर दोन वर्षं चाललाय. काहीही झालेलं नाही. मेकॅनिक लोकांना पार्ट विकायचे असतात म्हणून घाबरवतात. ताईंची गरज आजची आहे.

वाइंडिंगवाला

दादा, तो पार्ट दीड-दोनशे रुपयांचा आहे, त्यात माझा धंदा उभा राहत नाही. दोन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ दोन वर्षांत त्या थर्मोस्टॅटला काम करायची वेळ आली नाही एवढाच. ज्या दिवशी वेळ येईल त्या दिवशी तो तिथे नसेल. कृपा करून बदलून घ्या. अगदी मनापासून सांगतोय.

थेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. ऑगस्ट २०१६ मध्ये इथे शेपर्ड्स बुश भागात शेपर्ड्स कोर्ट नावाच्या १८ मजली इमारतीला आग लागली होती. सातव्या मजल्यावरच्या एका घरात ड्रायर चालू होता, तिथून सुरू होऊन आग बाहेरून वरच्या मजल्यांवर चढली. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण कितीतरी कुटुंबं बेघर झाली. त्यानंतर इथल्या अग्निशमन दलाचा सल्ला आम्ही घरात पाळतो: रात्री झोपताना किंवा बाहेर जाताना ड्रायर लावायचा नाही. ताई, बाळाच्या घरात तर हे नक्की पाळा.

जर्सीचा_कट्टा

इथे अमेरिकेत जवळजवळ घरटी ड्रायर. २००८ ते २०१० या काळातली सरकारी आकडेवारी आहे: दर वर्षी घरांमध्ये ड्रायरमुळे सुमारे २,९०० आगी, आणि त्यांच्या कारणांत सगळ्यात वरचं कारण कुठला बिघाड नव्हे, साफसफाई न करणं. सुमारे ३४ टक्के. कपड्यांतून निघणारा तो मऊ कापूस चटकन पेट घेतो.

वाइंडिंगवाले काकांचा पाइपबद्दलचा प्रश्न सोडू नका. इथल्या बांधकाम नियमांत पाइप ४ इंची हवा, सरळ असेल तर ३५ फुटांपर्यंत, आणि काटकोनातल्या प्रत्येक साध्या वळणाला त्यातले ५ फूट कमी धरायचे. पाइपच्या बाहेरच्या तोंडावर जाळी लावायला सक्त मनाई आहे. हवेने उघडणारी आणि एरवी आपोआप मिटणारी झडप चालते, जाळी नाही. जाळीत कापूस अडकतो आणि आतून दिसतही नाही.

मृगनक्षत्र

किती पटकन उत्तरं दिलीत सगळ्यांनी! डायरेक्टचा विषय संपला, त्या मेकॅनिकला नाही म्हणून कळवलं.

दार दाबून पाहिलं, फरक नाही. व्होल्टेज मोजायला शेजारचे काका मीटर घेऊन आले होते: संध्याकाळी १८५, दुपारी २१५ च्या आसपास. फिल्टर प्रत्येक वेळी साफ करतो.

आणि पाइप! बाहेरच्या तोंडावर हवा जेमतेम लागते. स्लायडिंग बसवणाऱ्याने पाल आणि डास येऊ नयेत म्हणून त्या गोल भोकावर बाहेरून मच्छरजाळी ठोकून दिलीय. ती बाहेरच्या अंगाला असल्यामुळे आतून कधी दिसलीच नव्हती. यजमानांनी वाकून पाहिलं तर तिच्यावर ओल्या नमद्यासारखा करडा थर. दमट हवा, वर पावसाचे शिंतोडे, त्यामुळे सगळा कापूस घट्ट बसलाय.

उद्या उजेडात जाळी काढतोय. तोवर लावत नाही.

वाइंडिंगवाला

सापडलं! निदान अर्धं तरी. हवा बाहेर गेली नाही की दोन गोष्टी होतात. आतलं तापमान चढतं, आणि त्याच पेटीत बसलेल्या मोटरला गार व्हायला वाव राहत नाही. शिवाय कपडे वाळायला दुप्पट वेळ, म्हणजे मोटर दुप्पट वेळ ओढतेय.

१८५ व्होल्ट हेही चांगलं नाही. अशा मोटरची उचल व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ला जेवढी ताकद, त्याच्या साधारण ६५ टक्केच १८५ ला उरते. ओला टॉवेल भरलेला ड्रम जागचा हलवायला तिला तेवढ्यात निभवावं लागतं. जमलं तर दुपारी लावा. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर एसीचा मोठा घ्या, फ्रिजचा छोटा जळेल. आणि इन्व्हर्टरवर लावायचा विचारही नको.

जाळी काढलीत की पाइपही सोडवून पूर्ण साफ करा. मशीनचा प्लग काढून, मागच्या तोंडात जिथवर हात जाईल तिथवर ब्रश फिरवा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला. पाइप लोंबकळता ठेवू नका. पोटात पाणी साचतं आणि त्यात कापूस चिकटतो. जेवढा आखूड आणि ताणलेला तेवढा बरा.

निशिगंधा_पुणे

एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ड्रायर मध्येच थांबला की कपडे आत तसेच ठेवू नका. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी हीटर बंद करून नुसती गार हवा फिरवतात, ती कपड्यांची उष्णता घालवायला असते. मध्येच बंद पडला तर ती पायरीच होत नाही. तापलेल्या कपड्यांचा गोळा बंद ड्रममध्ये तासभर बसून राहतो. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं: मध्येच थांबवावं लागलं तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा.

तान्हं बाळ म्हटल्यावर मालिश आलंच. तेल लागलेली दुपटी, मालिशचा टॉवेल, आजीचा पदर ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही थोडं तेल धाग्यात राहतं. तीळ, बदाम, मोहरी यांची तेलं हवेतला प्राणवायू घेत घेत स्वतःच तापतात, आणि गरम कपड्यांच्या ढिगात ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. जवसाचं तेल यात सगळ्यात वाईट, खोबरेल त्या मानाने सौम्य. पण धोका पत्करायचाच कशाला? ती दुपटी आजींच्या शेगडीशेजारी मोकळी पसरलेलीच बरी, लक्ष ठेवून.

मृगनक्षत्र

निशिगंधाताई, हे खरंच माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मालिशचे कपडे आजपासून वेगळ्या बादलीत.

पाऊसवेडी

मीसुद्धा बादली वेगळी केली. धन्यवाद निशिगंधा.

घाटमाथा

वाळवण्याचा थोडा हिशोब मांडतो. मोटरवरचा भार त्याने निम्म्याने सुटेल असं नाही, पण फरक नक्की पडेल.

तुमच्यासारख्या हीटरवाल्या ड्रायरला एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागतेच, मशीन कितीही भारी असू दे. म्हणून पाणी जेवढं वॉशिंग मशीनमध्येच निथळेल तेवढं चांगलं. सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी राहतं, १,२०० वर ५५ च्या आसपास. तीन किलो कपड्यांत हा जवळजवळ अर्ध्या लिटरचा फरक झाला. तुमच्या मशीनला जास्त फेऱ्यांचं बटण असेल तर टॉवेल-चादरींना तेच लावा. नसेल तर नुसतं पिळण्याचं चक्र आणखी एकदा फिरवा.

दुसरं, आत येणारी हवा. सगळं लक्ष बाहेर जाणाऱ्या हवेकडे असतं. ड्रायर जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच त्याला खोलीतून ओढावी लागते. ड्राय बाल्कनीचं स्वयंपाकघराकडचं दार आणि खिडकी दोन्ही बंद असतील तर तो हवेसाठी झगडतो. दार चार बोटं उघडं ठेवा. आणि पाइपमधून बाहेर गेलेली दमट हवा शेजारच्याच फटीतून परत आत येत नाही ना, तेही बघा.

जर्सीचा_कट्टा

+१. फिल्टरबद्दल एक: नुसता हाताने कापूस काढून भागत नाही. कपड्यांना सुवासिक सॉफ्टनर वापरत असाल तर जाळीच्या छिद्रांवर त्याचा पातळ मेणचट थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही. नळाखाली धरून पाहा. पाणी आरपार न जाता जाळीवर साचलं तर कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. टॉवेलला तर सॉफ्टनर घालूच नये, टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

इसारकाठ

म्युनिकहून. विषय थोडा वेगळा आहे, पण धाग्याचं नाव तेच म्हणून इथेच विचारतो. आमचा हीट पंपवाला आहे, म्हणजे दमट हवा आतच गार करून पाणी टाकीत जमवणारा, पाइप नसतोच. इमारतीच्या तळघरात सगळ्यांच्या मशीन आहेत, तिथे ठेवलाय. तोही मध्येच थांबतो आणि पाण्याची टाकी भरल्याचा दिवा लावतो. टाकी काढून पाहिली तर अर्धीसुद्धा नाही.

वाइंडिंगवाला

कपड्यांतून निघालेलं पाणी आधी मशीनच्या तळातल्या छोट्या खोलगट जागेत जमतं. तिथे एक तरंगता खटका असतो आणि एक छोटा पंप, जो पाणी वरच्या टाकीत चढवतो. टाकी रिकामी आणि दिवा चालू याचा अर्थ पाणी खालीच अडकलंय: पंपाच्या तोंडात कापूस, नळी चेपलेली किंवा तो तरंगता खटका कापसाने वर चिकटलेला. प्लग काढून तळाचं झाकण उघडा, ती जागा पुसून घ्या. मशीन आडवं करू नका. हीट पंपमध्ये फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर आणि वायू असतो, आडवं केलं तर तेल भलतीकडे जातं. बऱ्याच नव्या मशीनमध्ये तो वायू प्रोपेन असतो, म्हणजे ज्वलनशील. त्यामुळे त्या सीलबंद नळ्यांना घरी हात लावायचा नाही. समोर खाली जाळीदार पट्ट्यांचा भाग दिसतो, तिथला कापूस मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने काढा, आडवा घासलात तर पट्ट्या वाकतात.

मृगनक्षत्र

ताजी खबर. जाळी काढली, पाइप काढून धुतला, अर्धा कापून आखूड केला, बाल्कनीचं दार उघडं ठेवलं. हवा आता हाताला जोरात लागते. टॉवेल पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर वाळले, पंचवीस मिनिटांचा टप्पा सहज पार झाला. बाळाचे सुती कपडे तर सलग पूर्ण झाले. खूप आनंद झाला.

पण जड चादरींच्या वेळी पुन्हा तोच घूंऽऽ. या वेळी मी समोर उभी होते. ड्रम दर काही मिनिटांनी थांबून उलटा फिरतो ना, तसा थांबला आणि उलटा सुरूच झाला नाही. प्लग काढला, कपडे लगेच बाहेर काढून पसरले. रिकामा ड्रम हाताने फिरवून पाहिला तर सहज फिरतोय.

वाइंडिंगवाला

ताई, किती नेमकं पाहिलंत. आता उरलेलं अर्धंही सापडलं. कपॅसिटर.

या मोटरला एकदा गती मिळाली की ती चालत राहते. कस लागतो तो सुरू होताना. उलटं फिरायची वेळ आली की तिला दर वेळी शून्यातून उठावं लागतं, आणि तो धक्का कपॅसिटर देतो. घरातला सीलिंग फॅन नुसता घुमतो आणि हाताने ढकलला की फिरायला लागतो, तिथे जे बिघडलेलं असतं तेच इथे. इतके महिने गरम हवेत राहून तो कमजोर झाला असणार. हलके कपडे तो उचलतो, ओल्या चादरी आणि कमी व्होल्टेज एकत्र आले की हरतो. ड्रम हाताने सहज फिरतोय म्हणजे बेअरिंग आणि पट्टा ठीक असावेत.

कपॅसिटरच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, बहुतेक ८-९ च्या आसपास. कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवर तो छापील आकड्याच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे यायला हवा. खूपच कमी आला किंवा डबी फुगलेली दिसली तर बदलायचा. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त, आणि मोटर 'रन'चा असं दुकानदाराला सांगा.

हे काम स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो आणि जोराचा झटका बसतो. पंखे-मोटरी दुरुस्त करणारा कुठलाही चांगला वायरमन करून देईल, कंपनीच्याच माणसाची वाट पाहायला नको. तो येईल तेव्हा आणखी दोन गोष्टी करून घ्या: मागचं झाकण उघडलंच आहे तर मोटरवर आणि तळाशी बसलेला कापूस काढायला सांगा, आणि सॉकेट तपासायला सांगा. १६ अँपिअरचं सॉकेट, मागे निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. प्लगच्या पिना काळ्या किंवा पिवळट झाल्या असतील तर सॉकेटही बदला. एक्स्टेन्शन बोर्डावर लावत असाल तर आजच बंद.

तारेवरचे_कपडे

वाइंडिंगवाले काका, वरची चर्चा पुन्हा वाचली. उद्या आमच्याही ड्रायरचा थर्मोस्टॅट परत बसवून घेतोय. कुठला मागू?

वाइंडिंगवाला

फार बरं वाटलं दादा. मॉडेल नंबर दाराच्या आतल्या कडेला असतो, त्यावरूनच मागा. दिसायला सारखे दिसणारे थर्मोस्टॅट वेगवेगळ्या तापमानाला तोडतात, त्यामुळे 'असाच दे' म्हणून घेऊ नका. आणि तो मुळात उडत का होता तेही शोधा. पाइपपासून सुरुवात करा.

मृगनक्षत्र

वायरमन येऊन गेला. कपॅसिटरवर ९ लिहिलेलं, मीटरवर ५ मायक्रोफॅरडसुद्धा नाही. नवा बसवला. मोटरच्या भोवती मूठभर कापूस निघाला. सॉकेट ठीक होतं. चादरी आज दुपारी लावल्या, उलट-सुलट फिरत सलग पूर्ण झाल्या, शेवटची गार हवाही झाली.

एकच प्रश्न राहिला. जाळी काढल्यावर पाइपच्या भोकातून पाली येतील त्याचं काय करू?

जर्सीचा_कट्टा

झडपवालं तोंड बसवा. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमच्या एक्झॉस्टसाठी पट्ट्यांची झडप मिळते, १०० मिलिमीटरची. तुमच्या पाइपच्या मापाशी आधी जुळवून बघा. पट्ट्या हलक्या प्लास्टिकच्या घ्या, हवेने पूर्ण उघडायला हव्यात, आणि मागे जाळी असेल तर ती काढून टाका. महिन्यातून एकदा ड्रायर चालू असताना बाहेरून पाहा, सगळ्या पट्ट्या उघडतात का. एखादी अर्धवट राहिली तर तिथे कापूस चिकटलाय, पुसून घ्या.